गळाला लागलेला मासा कुणाचा?

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकापासून समुद्रात बेटांची एक लांब माळ सुटली आहे. तिच्यात मॅरेथॉन गावाच्या पश्चिमेला बाहिया होंडा नावाची चिंचोळी सामुद्रधुनी लागते. हेन्री फ्लॅगलरने १९१२ साली पुऱ्या केलेल्या रेल्वेचा पोलादी पूल तिच्यावर अजून उभा आहे. १९३५ च्या वादळाने मार्ग उखडला, त्यानंतर त्यावरून आगगाडी गेली नाही. पुलाच्या खांबांमधून भरती-ओहोटीचं पाणी जोरात वाहतं आणि वसंतात, विणीच्या आधी, त्या पाण्यात टार्पन जमतात. टार्पन म्हणजे मोठमोठ्या चंदेरी खवल्यांचा, माणसाएवढा लांब मासा. पन्नास वर्षांहून जास्त जगतो, चाळीस-पन्नास किलो सहज भरतो, आणि गळ लागला की पाण्याबाहेर अशी उसळी घेतो की ती पाहायला लांबलांबून हौशी लोक येतात, गाईडला पैसे मोजतात. खायला तो कुणी नेत नाही. काटे फार, आणि २०१३ पासून फ्लोरिडात टार्पन पकडला की सोडून द्यावा असा नियमच आहे. विक्रमासाठी परवाना काढलेल्यांना तेवढी सूट.

टार्पन इथे जमतात हे ग्रेट हॅमरहेडलाही ठाऊक आहे. हातोडीसारख्या डोक्याचा हा शार्क. त्याच्या भाऊबंदांना कोकणात कानमुशी म्हणतात. गळाला लागलेला टार्पन दमत आला की खालून एक मोठी सावली येते आणि गळवाल्याच्या हाती मुंडकं तेवढं उरतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रेस कॅसेलबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पुलाखाली दोन्ही प्राण्यांना माग काढणाऱ्या ध्वनिखुणा बसवल्या, होड्यांवरच्या झुंजींवर नजर ठेवली आणि २०२४ मध्ये निष्कर्ष छापले. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ चाललेल्या झुंजींमध्ये सुमारे १५ टक्के टार्पन शार्कने नेले, आणि ओहोटीचं पाणी वाहत असताना धोका अधिक होता. मासा जगावा म्हणून पकडून सोडायचा नियम, आणि सोडण्याआधीच सातातला एक गेलेला. गाईड चिडतात ते उगीच नाही.

हे एकट्या बाहिया होंडाचं दुखणं नाही. मेक्सिकोचं आखात, कॅरोलायनांचा किनारा, ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, जिथे जिथे लोक हौसेने गरवायला जातात तिथे तिथे हीच तक्रार ऐकू येते. अमेरिकेतल्या गळवाल्यांनी शार्कला ‘टॅक्समन’ असं नाव ठेवलं आहे. मासा गेला की ‘टॅक्स भरला’ म्हणतात. विनोद फार दिवस टिकत नाही. पाचवा मासा गेला की तोच माणूस म्हणतो, शार्क भलतेच माजलेत, आता त्यांना मारायला परवानगी द्या.

शार्क खरंच वाढलेत का? काही जाती वाढल्या आहेत, आणि त्या वाढाव्यात म्हणून तीस वर्षं खटपट झाली आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १९७० आणि ८० च्या दशकांत शार्कवर जो तुटून पडायचा प्रकार झाला त्यात ‘जॉज’ या सिनेमाने, १९७५ साली, हौशी शिकाऱ्यांना चेव आणला हे खरं. (मूळ कादंबरी लिहिणारे पीटर बेंचली पुढे शार्कच्या संरक्षणासाठी आयुष्यभर बोलत राहिले.) पण खरी कत्तल व्यापाराने केली. कमी वापरात असलेलं धन म्हणून सरकारनेच शार्कच्या मासेमारीला उत्तेजन दिलं, तिकडे आशियाच्या बाजारात परांना भाव चढला, आणि लांब दोरांच्या गळांनी समुद्र विंचरून निघाला. शार्क हा सुरमई-बांगड्यासारखा लाखोंनी अंडी घालणारा जीव नव्हे. सँडबार शार्कची मादी वयात यायलाच बारा-पंधरा वर्षं घेते, नंतर दोन-तीन वर्षांनी एकदा आठ-नऊ पिल्लं देते. असल्या जातीचा साठा उपसायला दहा वर्षं पुरतात, भरायला एका माणसाचं आयुष्य कमी पडतं.

१९९३ मध्ये अटलांटिकच्या शार्कसाठी पहिली व्यवस्थापन योजना आली. पर कापून धड समुद्रात फेकण्यावर बंदी आली, कोटे आले. १९९७ मध्ये ग्रेट व्हाइट आणि २००० मध्ये डस्की शार्क पकडणं बंद झालं. सँडबार २००८ पासून संशोधनापुरताच पकडता येतो. हौशी गळवाल्यालाही बेड्या पडल्या: एका होडीला एका फेरीत एकच शार्क, तोही बहुतेक जातींसाठी ५४ इंचांहून लांब. या सगळ्याचा परिणाम दिसायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. आग्नेय अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या अनेक सर्वेक्षणांचे आकडे एकत्र करून २०१७ मध्ये छापलेल्या अभ्यासात बऱ्याच किनारी जाती तळ गाठून पुन्हा वर येताना दिसल्या. जगभरचं चित्र मात्र उलट आहे. खुल्या समुद्रातल्या शार्क आणि वाघळ्यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असं ‘नेचर’मध्ये २०२१ साली आलं. म्हणजे फ्लोरिडावाले ज्याला सुळसुळाट म्हणतात तो जगातल्या मोजक्या यशांपैकी एक आहे.

इथे स्मरणशक्तीचा प्रश्न येतो. आज पन्नाशीत असलेल्या गाईडने गळ हातात घेतला तो १९८० च्या शेवटी किंवा नव्वदीत, शार्क सर्वात कमी असताना. त्याच्या मनातला ‘नेहमीचा समुद्र’ तो. मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये या घोटाळ्यावर बोट ठेवलं होतं: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणीच्या समुद्रालाच मूळ समुद्र धरते. याचा पुरावा याच बेटमाळेतल्या ‘की वेस्ट’ गावाच्या धक्क्यावरच्या फोटोंत सापडतो. तिथे दिवसभराची शिकार फळीला टांगून गिऱ्हाइकांसोबत फोटो काढायची रीत होती. लॉरेन मॅक्लेनाहन यांनी १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो मोजले. टांगलेल्या माशाचं सरासरी वजन अंदाजे १९.९ किलोवरून २.३ किलोवर आलेलं निघालं. शार्कची सरासरी लांबी निम्म्याहून जास्त घटलेली. आणि फोटोतली माणसं दोन्हीकडे तितक्याच आनंदाने हसताहेत! आज शार्क वाढलेत असं जे वाटतं ते खोटं नाही, पण त्याची मोजपट्टी चुकीच्या जागी सुरू होते. आजोबांच्या वेळी शार्क यापेक्षा जास्त होते, आणि तरी फळीवर मासे होते.

तरीही संख्या वाढली एवढ्याने गळावरचा मासा का जातो याचं उत्तर मिळत नाही. मोकळा, धडधाकट टार्पन पकडणं शार्कला जड जातं. गळाला लागलेला मासा सुटू शकत नाही, एका जागी धडपडतो, आणि त्या धडपडीतून पाण्यात खोल, अडखळत्या आवाजाचे ठोके उमटतात. मायामीचे डोनाल्ड नेल्सन आणि सॅम्युअल ग्रुबर यांनी १९६३ मध्येच दाखवलं होतं की अशा खालच्या पट्टीच्या तुटक आवाजाकडे शार्क लांबून खेचले जातात; पाण्यात नुसता भोंगा सोडला तरी यायचे. आवाजाने जवळ आणलं की वास, अंगावरच्या रेषेला जाणवणारी पाण्याची थरथर आणि शेवटच्या हातभर अंतरात नाकाड्यावरच्या विद्युत-संवेदी छिद्रांची मदत. त्यात शार्क शिकतो. कोळीण मासळी कापायला बसली की गल्लीतली मांजरं जशी बरोब्बर हजर होतात, तसे शार्क ठरावीक खडकांवर, ठरावीक होड्यांभोवती हजर राहू लागतात.

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालू प्रवाळपट्ट्यावर जॉनथन मिचेल आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये छापलेल्या पाहणीत हे आकड्यांत उतरलं. कोरल बेहून निघालेल्या फेऱ्यांपैकी ३८.७ टक्के आणि एक्समाउथच्या धक्क्यांवरून निघालेल्यांपैकी ४१.९ टक्के फेऱ्यांत शार्कने मासा नेला होता. पण मला महत्त्वाची वाटते ती दुसरी नोंद: जिथे गरवणाऱ्यांची गर्दी जास्त, तिथे नेण्याचं प्रमाणही जास्त. जीपीएसवर साठवलेल्या त्याच दहा जागांवर रोज शंभर होड्या उभ्या राहिल्या तर आपण शार्कची शिकवणीच घेत असतो.

ही गर्दी कधीकधी नियमांनीच जमवलेली असते. आग्नेय अमेरिकेतला रेड स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीचा चुलतभाऊ, हे याचं ढळढळीत उदाहरण. दक्षिण अटलांटिकमध्ये २०२४ साली हौशी लोकांना हा मासा पकडायला एकच दिवस मिळाला, १२ जुलै, आणि माणशी एकच मासा. साठा सावरतोय, दिवस मात्र एक. कारण वर्षभर इतर मासे गरवताना स्नॅपरही लागतो, तो परत सोडला जातो, आणि सोडलेल्यांपैकी कितीतरी मरतात. त्यांचा हिशेब कोट्यातून वजा होतो. मग त्या एका दिवशी झाडून सगळ्या होड्या त्याच खडकांवर. शार्कने पहिला मासा नेला तर तो माणूस घरी थोडाच जातो? तो दुसरा पकडतो, तिसरा पकडतो. नियमाच्या लेखी त्याने एकच मासा घेतला. समुद्राच्या लेखी तीन गेले.

सोडलेल्या माशाचीही कथा फार निराळी नाही. खोल पाण्यातून झर्रकन वर खेचलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, तो खाली जाऊ शकत नाही, पृष्ठभागावर पोट वर करून तरंगतो आणि शार्कला, डॉल्फिनला आयता मिळतो. यावर साधा उपाय आहे: वजन लावलेल्या चिमट्याने मासा पुन्हा तळाशी नेऊन सोडायचा. असं साधन किंवा पिशवीतली हवा काढायची सुई मेक्सिकोच्या आखातात खडकावरचे मासे गरवणाऱ्या प्रत्येक होडीवर तयार असलीच पाहिजे असा कायदा अमेरिकेत २०२२ च्या जानेवारीत लागू झाला. उथळ पाण्यातही दमणूक जीव घेते. बहामाजमधल्या बोनफिशवर झालेल्या अभ्यासात, हाताळणीमुळे तोल गेलेल्या माशांना सोडल्यावर शिकाऱ्याने पकडण्याची शक्यता सहा पटींहून जास्त निघाली. फोटोसाठी मासा हवेत धरून ठेवलेलं अर्धं मिनिट असं महाग पडतं.

शार्कला हाकलण्याची साधनं काढायचा नाद जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हेरखात्याने बुडालेल्या खलाशांसाठी तांब्याचा एक क्षार आणि काळा रंग यांची वडी बनवली होती. तिच्या प्रयोगांत हात असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी एक पुढे फ्रेंच स्वयंपाक शिकवून अमेरिकेत घरोघरी पोचलेली जूलिया चाइल्ड. वडीने शार्क किती घाबरत असतील याबद्दल शंका आहे. खलाशांना धीर आला हे नक्की. आज बाजारात गळाच्या वर अडकवायचे लोहचुंबक मिळतात, विशिष्ट धातूंचे तुकडे मिळतात, विजेचे ठोके देणारी यंत्रं मिळतात. सगळ्यांचा भर शार्कच्या त्या विद्युत-संवेदी छिद्रांवर, जी साध्या हाडाळ माशाला नसतात. फ्रान्सच्या भूमध्य समुद्रात ट्यूनाच्या लांब दोरांवर लावलेल्या अशा एका यंत्राने ब्लू शार्क अडकण्याचं प्रमाण ९१ टक्क्यांनी कमी केलं, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. आशा वाटावी असा आकडा आहे. पण तिथे शार्क स्थिर आमिषाकडे येत होता. इथे तो फडफडणाऱ्या, जोराने ओढल्या जाणाऱ्या माशामागे असतो, सोबत आणखी चार असतात, आणि स्पर्धेत उतरलेला भुकेला शार्क चुंबकाची पर्वा कमी करतो. जातीजातीनुसारही फरक पडतो. म्हणून चुंबक विकत घेऊन प्रश्न मिटेल असं मी कुणाला सांगणार नाही.

ज्याने खरोखर फरक पडतो त्या गोष्टी रटाळ आहेत. झुंज लहान करायची, म्हणजे जाड दोर, दणकट रॉड, मोठं रीळ. बारीक दोरावर भला मोठा मासा तासभर खेळवण्यात जी शान मानली जाते तिच्यावर पाणी सोडावं लागेल, आणि जुन्या गळवाल्यांना हेच सगळ्यात अवघड जातं. शार्क दिसला की जागा सोडायची; एक मासा गेल्यावर ‘आता गेला असेल’ म्हणत तिथेच गळ टाकणं म्हणजे पुढचाही त्यालाच देणं. माशाची आतडी, डोकी धक्क्यावर किंवा होडीच्या बाजूला टाकायची नाहीत. टार्पनचे काही गाईड हॅमरहेड दिसताच रीळ मोकळं सोडतात किंवा दोर मुद्दाम तोडतात; ताण सुटला की टार्पनला पळायला वाट मिळते. गिऱ्हाईक हिरमुसतं, पण मासा वाचतो. बाहिया होंडातल्या अभ्यासावरून ओहोटीच्या वेळी तिथे गळ न टाकणं हाही एक उपाय सुचतो, मात्र मासे नेमके तेव्हाच जास्त लागत असतील तर तो पाळणार कोण, हा प्रश्न राहतोच.

किनाऱ्यावर उभं राहून मुद्दाम शार्कच गरवणारा एक पंथही आहे. त्यांच्यासाठी फ्लोरिडाने १ जुलै २०१९ पासून परवाना आणि प्रशिक्षण सक्तीचं केलं, पुळणीवरून रक्त-आतडी टाकून शार्क बोलावण्यावर बंदी घातली, गोल गळ आणि दोर कापायचं हत्यार जवळ ठेवायला लावलं, आणि संरक्षित जातीचा शार्क पाण्याबाहेर ओढायला मनाई केली. पाणबुड्यांनी शार्कना खाऊ घालण्यावर तर त्या राज्यात २००१ मध्येच बंदी ठरली.  माणूस दिसला की खायला मिळतं ही सवय शार्कना लागू नये, हा त्यामागचा विचार. तीच सवय आपल्या होडीवरूनही लागते, हे कबूल करायला गळवाल्यांना दोन दशकं लागली. काही अजून करत नाहीत.

मारून टाका म्हणणाऱ्यांना हवाईचा अनुभव सांगावा. माणसांवरचे हल्ले कमी व्हावेत म्हणून १९५९ ते १९७६ या काळात तिथे साडेचार हजारांहून जास्त शार्क मारले. हल्ल्यांत मोजता येईल अशी घट दिसली नाही. शार्क दूरवर फिरतात, रिकाम्या जागी दुसरे येतात. शिवाय गळावरचे मासे नेमका कोणता शार्क नेतो हेही पुष्कळदा होडीवाल्याला माहीत नसतं; पाण्यात करड्या पाठीचा जो तो त्याला ‘बुल शार्क’ वाटतो. मिसिसिपी राज्य विद्यापीठाच्या मार्कस ड्रायमन यांच्या गटाने २०१९ मध्ये यावर युक्ती काढली: अर्धवट खाल्लेल्या स्नॅपरच्या जखमेवर कापसाचा बोळा फिरवायचा, आणि त्यावर राहिलेल्या लाळेच्या डीएनएवरून चोर ओळखायचा. या पद्धतीने सापडणाऱ्या नावांत सँडबारही असतो, म्हणजे जो पकडायला बंदी आहे तोच. मारायला परवानगी मागणारा गळवाला अशा वेळी कायद्याच्या थेट आडवा जातो.

आपल्याकडे हे भांडण अजून फारसं आलेलं नाही, आणि त्याचं कारण अभिमान वाटावा असं नाही. शार्क पकडणाऱ्या देशांत भारत वर्षानुवर्षं वरच्या रांगेत आहे. कोकणच्या बाजारात मुशी किंवा मोरी, म्हणजे शार्क, येते ती बहुतेक लहान, वयात न आलेली. मालवणला किंवा गोव्यात मोरीचं कालवण जेवताना ती कोणत्या जातीची होती हे कुणी विचारत नाही. २००१ मध्ये देवमुशीला, म्हणजे व्हेल शार्कला, वन्यजीव कायद्याचं कवच मिळालं. ती मोठे मासे खात नाही, म्हणून तिच्याशी वैर नाही. पुढे आपल्या मोठ्या मुश्या सावरल्याच, तर पहिली तक्रार हौशी लोकांची नसेल, जाळी फाटलेल्या नाखव्याची असेल. त्याच्यासाठी मासा हा खेळ नाही, आणि ‘जागा बदला’ हा सल्ला त्याला परवडणारा नाही.

अमेरिकेत आता प्रश्न संसदेत पोचला आहे. शार्कने गळावरचे मासे नेण्याच्या प्रकारांचा अभ्यास करायला मत्स्यविभाग, राज्यं आणि शास्त्रज्ञ यांचा एक कार्यगट नेमावा, असं विधेयक प्रतिनिधीगृहाने २०२४ च्या फेब्रुवारीत मंजूर केलं. ते सिनेटमध्ये अडलं, आणि २०२५ च्या जानेवारीत प्रतिनिधीगृहाने ते पुन्हा मंजूर केलं. घाई हवी, कारण शार्क अजून सावरायचेच आहेत, म्हणजे आणखी वाढणार आहेत: सरकारी आराखड्यात सँडबारचा साठा भरून यायला २०७० आणि डस्कीचा २१०७ साल धरलं आहे. असा गट बसला तर त्याने पहिल्यांदा हिशेबाची वही उघडावी असं मला वाटतं. शार्कने नेलेला मासा आज ना पकडलेल्यांत नीट धरला जातो, ना सोडलेल्यांत. धक्क्यावर उतरणाऱ्याला पाहणी करणारे विचारतात, किती आणले, किती सोडले. किती नेले, कुठे, किती खोलीवर, भरतीला की ओहोटीला, हे चार रकाने त्या कागदावर वाढवायला फार पैसे लागत नाहीत, आणि ते भरणारे लोक तेच आहेत जे आज सर्वात जास्त चिडलेले आहेत.